दुष्काळात मन आटलं, मोडक्या देवळापासून पुन्हा ओल धरली : तुकोबारायांच्या आयुष्यातली ती चार-सहा वर्षं

देहू गावात इंद्रायणीच्या काठाला विठोबाचं एक देऊळ होतं. गावचं नव्हे, मोऱ्यांच्या घरचं. १६३० च्या आसपास त्या देवळाची अवस्था वाईट झाली होती. पडझड झालेली, डागडुजी करायला कुणाला उसंत नाही आणि कुणाच्या हाती पैसाही नाही. ज्या घराचा तो देव, त्या घराचीही गत देवळापेक्षा वेगळी नव्हती. आई-बाप गेले, थोरला भाऊ घर सोडून गेला, धंदा बुडाला, बायको उपासमारीनं गेली आणि तिच्यापाठोपाठ पोरगंही गेलं. त्या घरातला कर्ता माणूस तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. नाव तुकाराम बोल्होबा अंबिले, आडनाव मोरे.

आपण ज्यांना जगद्गुरू म्हणतो ते हेच. गाथा घराघरात आहे, पालखी दरवर्षी दारावरून जाते. पण सावकाराचा मुलगा ते संत या दोन टोकांच्या मधली जी वर्षं आहेत, ती बऱ्याचदा घाईत उरकली जातात. चमत्कार सांगायला सोपे आणि ऐकायला गोड असतात. त्या वर्षांत मात्र चमत्कार फारसे नाहीत. कोरडं पडलेलं मन आहे, लाज आहे, आणि ज्याच्याकडं पाठ फिरली होती त्या देवाकडं एकेक पाऊल टाकत परत जाणं आहे.

या वर्षांची माहिती दोन ठिकाणांहून मिळते. पहिलं म्हणजे खुद्द तुकोबांचे अभंग. संतमंडळींनी आग्रह केला म्हणून त्यांनी आपली कहाणी थोडक्यात सांगितली आहे, तीही संकोचून. दुसरं म्हणजे महिपतींचे ग्रंथ. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती तुकोबांच्या नंतर शंभरेक वर्षांनी झाले. त्यांनी गावोगावच्या आठवणी ऐकून भक्तविजय आणि भक्तलीलामृत लिहिलं. दोन्हींत फरक आहे. तुकोबा स्वतःबद्दल सांगतात तेव्हा मोजकं आणि कडू सांगतात, महिपती रंगवून सांगतात.

घराणं खानदानी होतं. मूळ पुरुष विश्वंभरबाबा पंढरीचे वारकरी. त्यांना स्वप्नात दृष्टांत झाला, आंब्याच्या बनात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या आणि त्यांनी घराजवळ देऊळ बांधलं, अशी देहूची परंपरा आहे. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या घरात वारी आणि एकादशी. जात कुणबी, म्हणजे त्या काळच्या शास्त्री-पंडितांच्या हिशेबात शूद्र. पण धंदा वाण्याचा, आणि गावच्या पेठेची महाजनकी घरात. महाजन म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणारा वतनदार. जमीन होती, दुकान होतं, माल वाहायला बैल होते, लोकांना दिलेल्या कर्जाची खतं पेटीत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर गावातलं वजनदार घर.

वडील बोल्होबा, आई कनकाई. तीन मुलं : सावजी, तुकाराम आणि कान्होबा. थोरल्या सावजीचं मन लहानपणापासून संसारात नव्हतं, त्यानं धंद्याला नकार दिला. म्हणून तेराव्या वर्षीच हिशेबाच्या वह्या तुकारामाच्या हाती आल्या. पोरगं हुशार निघालं. देणं-घेणं, माप-तोल, गिऱ्हाईक सांभाळणं सगळं जमलं. पहिलं लग्न रखमाबाईंशी झालं. त्यांना दम्याचा त्रास होता, म्हणून घरच्यांनी दुसरं लग्न करून दिलं. पुण्याचे सावकार आप्पाजी गुळवे यांची मुलगी जिजाई, माहेरचं नाव आवली. चार वर्षं सगळं सुरळीत चाललं.

नंतर मात्र एकेक खांब कोसळत गेला. तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे असताना वडील गेले. मागोमाग आई गेली. थोरल्या भावजयीचा मृत्यू झाला, तशी सावजीला अडवणारी शेवटची दोरीही तुटली. तो तीर्थयात्रेला निघून गेला आणि परत आला नाही. विशीच्या आतल्या मुलाच्या अंगावर दोन बायका, एक लेकरू, धाकटा भाऊ, दुकान आणि वतन सगळं एकदम पडलं.

आणि मग दुष्काळ आला.

१६३० चा दुष्काळ साधा नव्हता. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडं पाऊस गेला. त्यातच शाहजहान बादशहाच्या फौजा दख्खनेत उतरल्या होत्या, निजामशाही आणि आदिलशाहीच्या लढाया चालू होत्या. जे काही पिकलं ते घोड्यांच्या आणि लष्कराच्या पोटात गेलं. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळून उजाड केलं. देहूपासून पुणं ते किती लांब? शाहजहानच्या दरबारी इतिहासकारानं लिहून ठेवलंय की लोक कुत्र्याचं मांस बकऱ्याचं म्हणून विकत होते आणि पिठात मेलेल्यांच्या हाडांची भुकटी मिसळत होते. बादशहाचा पगारी माणूस आपल्याच धन्याच्या राज्याबद्दल असं लिहितो, तेव्हा परिस्थिती केवढी बिकट असेल. याच वर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता. जुन्नर आणि मावळ खोरं तेव्हा असं होरपळत होतं.

सावकाराच्या घरात दुष्काळ वेगळ्या वाटेनं शिरतो. कर्जदार मेले किंवा परागंदा झाले, वसुली थांबली. दुकानातला माल संपला, नवा भरायला भांडवल नाही. ज्यांच्याकडून उचल घेतली होती ते दारात बसले. मदत करायला सोयरे पुढं आले, पण ओतलेला पैसाही आटला आणि शेवटी दिवाळं निघालं. गोणीचे बैल मेले. पैसा तर गेलाच, पण त्याबरोबर गावातली किंमतही गेली. हे शेवटचं जास्त लागलं. तुकोबांनी स्वतःच्या कहाणीत पैसा आणि मान हे दोन्ही एका दमात सांगितलेत.

त्या दिवसांत रखमाबाई गेल्या. आजारानं गेल्या असं म्हणून विषय झाकता आला असता. तुकोबांनी तो झाकला नाही. घरात दाणा नव्हता, भाकरीसाठी टाहो फोडत ती गेली, हे त्यांनी लोकांसमोर उघड सांगितलं. ज्या घरानं दुसऱ्यांना धान्य आणि कर्ज दिलं, त्या घरातली सून उपाशी मेली. तिचा मुलगा संतोबा, तोही गेला. आज चारशे वर्षांनंतरसुद्धा ही हकिकत सांगताना कीर्तनकाराचा आवाज खाली येतो.

माणूस इथं दोनपैकी एका वाटेनं जातो. एक तर देवाला शिव्या देऊन मोकळा होतो, नाहीतर तेल-वात चालू ठेवून आतून कोरडा पडतो. घरात इतक्या पिढ्यांची वारी होती, देव अंगणात होता, पण या सगळ्याच्या आधी आपलं चित्त भजनात, अभ्यासात नव्हतं, हे तुकोबांनी कबूल केलंय. धंदा चालला होता तोवर देव वाडवडिलांचा होता. धंदा बुडाला तेव्हा देवाला हाक मारायलाही तोंड राहिलं नाही. त्यांना लाज वाटली. आपलीच लाज, आणि आपण ज्याच्यामागं इतकं धावलो त्या व्यवहाराचीही. वारकरी संप्रदायात या अवस्थेला अनुताप म्हणतात. पश्चात्ताप म्हटलं तरी चालेल, पण अनुतापात ताप हा शब्द आहे. अंग भाजून निघाल्यासारखी ती गोष्ट असते.

ते घर सोडून डोंगरावर गेले. चाकणजवळचा भामचंद्र डोंगर, खेड तालुक्यात. आज त्याच्या आसपास कारखाने आणि गोदामं उभी आहेत, वर मात्र जुन्या लेण्या तशाच आहेत. तिथं ते पंधरा दिवस बसून राहिले, असं सांगतात. परंपरा म्हणते की तिथं त्यांना साक्षात्कार झाला. तो आतला मामला आहे, बाहेरच्यानं त्यावर काय बोलावं. पण डोंगरावरून खाली आल्यावर त्यांनी काय केलं, ते मात्र सगळ्या गावानं बघितलं.

धाकटा कान्होबा भावाला शोधत डोंगरावर पोचला आणि त्यांना घेऊन इंद्रायणीच्या काठी आला. तिथं तुकोबांनी कर्जाची खतं मागवली. सगळ्या गावाची देणी त्या कागदांवर होती. कुणाची जमीन, कुणाचे बैल, कुणाचा दागिना त्यात अडकलेला. दुष्काळ सरला की वसुलीला आलेला तोच एक आधार होता. तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबाला दिले, कारण त्याचा संसार त्याला चालवायचा होता आणि त्याच्या वाट्याचं दान करायचा हक्क आपल्याला नाही. आपल्या वाट्याचे कागद त्यांनी नदीत सोडून दिले.

गोष्ट सांगताना आपण नदीत सोडलेल्या कागदांवर थांबतो. भावाला मोजून दिलेला अर्धा वाटाही तितकाच महत्त्वाचा आहे. वैराग्याच्या भरात त्यांनी दुसऱ्याच्या ताटातलं उचलून वाटलं नाही. आणि ज्यांची देणी बुडाली, ती माणसं त्याच दुष्काळातून कशीबशी तगलेली होती. उपाशी मेलेल्या बायकोचा नवरा, ज्याच्या घरीच आता काही नाही, तो दुसऱ्या उपाशी घरांवरचं ओझं उतरवतो आहे. पश्चात्तापाला कागदावर किंमत घालायची झाली तर ती एवढी होती.

मग देऊळ. पडझड झालेल्या त्या घरच्या देवळाकडं त्यांचं लक्ष गेलं. मनात आलं ते करावं असं वाटलं, एवढंच ते सांगतात. नवस नाही, मोठा संकल्प नाही. परंपरा सांगते की त्यांनी स्वतः माती कालवली, दगड वाहिले, भिंती उभ्या केल्या. बांधकामाला गवंडी लावण्याइतका पैसा नव्हताच. गावातल्या सावकाराचा मुलगा चिखलात उभा राहून भिंत लिंपतोय, हे लोकांनी कोणत्या नजरेनं पाहिलं असेल ते सांगायला नको. कुणी हसलं असेल, कुणी डोकं फिरलं म्हणालं असेल. पण ज्याला देवासमोर उभं राहायची लाज वाटत होती, त्याला निदान देवाच्या भिंतीला हात लावता आला.

देऊळ उभं राहिलं तसं त्यांनी एकादशीला कीर्तन सुरू केलं. सुरुवात केली म्हणजे जमलं असं नव्हे. मन लागत नव्हतं, सवय नव्हती. तोंडात स्वतःचं काही येत नव्हतं. मग त्यांनी काय केलं, तर जुन्या संतांची वचनं पाठ केली. ज्ञानोबांची ओवी, नामदेवांचे अभंग, एकनाथांचं भागवत. स्वतःचे शब्द नाहीत म्हणून दुसऱ्याचे शब्द घेतले, पण ते विश्वासानं आणि आदरानं घेतले. हा आदर शब्द त्यांनी आवर्जून वापरलाय. पुढं ज्यांनी साडेचार हजारांवर अभंग रचले, ते तुकोबा काही काळ फक्त पाठांतर करणारे विद्यार्थी होते.

आणि कीर्तनात ते पुढं उभे राहत नव्हते. पुढं दुसरं कुणी गाणार, हे मागं ध्रुपद धरणार. गावच्या भजनात बसणाऱ्याला ही जागा माहीत आहे. ध्रुपद धरणाऱ्याकडं कुणी बघत नाही. त्याचं काम एवढंच की पुढच्यानं ओळ टाकली की ती उचलायची आणि परत त्याच्या हाती द्यायची. नाव पुढच्याचं होतं. गावात मानाचं पान ज्याच्या घरी, त्यानं मागच्या ओळीत उभं राहायचं, ही गोष्ट सोपी नव्हे. मन शुद्ध करून ते काम केलं असं ते सांगतात. संतांच्या पायाचं तीर्थ घेतलं आणि त्याची लाज वाटू दिली नाही, हेही सांगतात. लाज वाटत होती म्हणूनच ती वाटू दिली नाही असं सांगावं लागलं.

शरीराला कष्ट देऊन जेवढा परोपकार होईल तेवढा केला, असं त्यांचंच म्हणणं आहे. महिपतींनी याच्या किती तरी गोष्टी दिल्या आहेत. वाटसरूंचं ओझं उचलणं, दुसऱ्याचं तेल-मीठ आणून देणं. कुणाच्या शेताची राखण पत्करली तर पाखरांना हाकललंच नाही, अशीही एक गोष्ट आहे. उसाची मोळी घेऊन येताना वाटेत पोरांना वाटून टाकला आणि घरी एकच ऊस पोचला, ही तर शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. मिरच्या विकायला कोकणात गेले आणि मापात गिऱ्हाईकांवरच विश्वास टाकून बसले, असंही सांगतात. यातलं किती जसंच्या तसं घडलं ते सोडा. लोकांना त्यांच्यात कसला माणूस दिसला, ते या गोष्टींतून कळतं.

इथं जिजाईंची बाजू मांडायलाच पाहिजे. कीर्तनात आवलीला कजाग म्हणून रंगवतात आणि लोक हसतात. बघा, सावकाराची मुलगी चांगल्या घरात दिली गेली आणि चार-सहा वर्षांत घरात दाणा राहिला नाही. सवत डोळ्यांदेखत उपाशी मेली. माहेरच्या ओळखीवर, स्वतःच्या नावावर कर्ज काढून तिनं नवऱ्याला पुन्हा धंद्याला लावलं, असं महिपती सांगतात. माल विकून नफाही झाला, आणि तो नफा नवऱ्यानं वाटेत एका अडलेल्या माणसाला देऊन टाकला. तिनं काय आरती ओवाळायची होती? मुलंबाळं तिलाच सांभाळायची होती. आणि तरीही, तुकोबा भंडारा डोंगरावर जाऊन दिवसभर बसायचे तेव्हा भाकरी घेऊन तोच चढ तीच चढायची. त्यांनी जेवल्याशिवाय ती जेवत नसे, असं सांगतात. पायात काटा मोडल्याची कथा त्याच वाटेवरची आहे. संतांची गाथा आपण वाचतो, त्यामागं या बाईची पायपीट आहे.

भंडारा डोंगर मावळ तालुक्यात, इंदोरी आणि सुदुंबऱ्याच्या शिवेजवळ. तिथं पठण, मनन आणि एकांत. ही वर्षं वरून शांत दिसतात. पण त्या काळातले म्हणून मानले जाणारे अभंग वाचले की आत काय चाललं होतं ते कळतं. ते देवाशी भांडतात. तू कुठं आहेस, खूण दे, असा तगादा लावतात. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच अंगावर येतात : आपण ढोंगी आहोत, लोक पाया पडतात त्याला लायक नाही, मन अजून हवं तिकडं धावतंय. कधी वाटतं देव जवळ आला, परत अंधार. परतीची वाट सरळ नव्हती. लोक काय म्हणतात यापेक्षा खरं-खोटं ठरवायला आपल्या मनालाच साक्षी ठेवलं, असं ते सांगतात. त्यामुळं स्वतःच्या चुका मोजायला त्यांना दुसऱ्याची गरज पडली नाही.

गुरूचा उपदेश झाला तोही स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. स्नानाला निघालेल्या वाटेवर बाबाजी चैतन्य भेटले, डोक्यावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं, आणि तुकोबांना नेमका त्याचाच विसर पडला. रामकृष्णहरी हा मंत्र तेव्हाचा. बाबाजींची समाधी जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे आणि माघ दशमीला भंडारा डोंगरावर आजही मोठी गर्दी होते. त्या स्वप्नात गुरूंची मागणी पुरवायची राहून गेली, ही बारीकशी उणीव तुकोबांनी लपवली नाही. कृपेच्या क्षणातसुद्धा आपली चूक त्यांच्या लक्षात राहिली.

दुसऱ्या एका स्वप्नात पांडुरंगाला घेऊन नामदेव आले आणि आपलं अपुरं राहिलेलं अभंगांचं काम पुरं करायला सांगितलं. तिथून स्वतःचे शब्द आले. म्हणजे क्रम असा : खतं नदीत, मग देवळाची भिंत, मग दुसऱ्याची वचनं पाठ, मग मागं उभं राहून ध्रुपद. कविता त्यानंतर आली.

कविता आली आणि त्रासही आला. कुणब्यानं वेदांचा अर्थ मराठीत सांगावा, लोकांनी त्याच्या पाया पडावं, हे काहींना रुचलं नाही. वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांनी आक्षेप घेतला आणि वह्या पाण्यात बुडवायची आज्ञा झाली. तुकोबांनी वह्या दगडाला बांधून इंद्रायणीत सोडल्या. त्याच नदीत पूर्वी खतं सोडली होती तेव्हा मन हलकं झालं होतं. या वेळी उलटं झालं. एकदा प्रपंच बुडाला होता, आता परमार्थ बुडाला. लोक टोमणे मारू लागले.

देवळासमोरच्या शिळेवर ते बसले. अन्न नाही, पाणी नाही, तेरा दिवस. हा त्यांच्या आयुष्यातला दुसरा दुष्काळ म्हणायचा. पहिल्या वेळी देवाकडं तोंड नव्हतं म्हणून ते गप्प होते. या वेळी ते देवाच्या दारात धरणं धरून बसले. धरणं हा शब्द तेव्हा वसुलीचा होता. येणेकरी आपलं येणं मिळेपर्यंत देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा. सावकाराच्या घरात वाढलेल्या तुकोबांना ती रीत चांगली ठाऊक होती. माणसांचं येणं ज्यांनी नदीत सोडलं, त्यांनी देवाकडचं येणं मात्र सोडलं नाही. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि नारायणानं समाधान केलं असं तुकोबांनीही म्हटलंय. ती शिळा आज देहूच्या शिळा मंदिरात आहे. देवाला इतका त्रास दिला याबद्दल नंतर त्यांनी त्याची क्षमा मागितली. वह्या मिळाल्याच्या आनंदातही हट्ट धरल्याची खंत होती.

रामेश्वरभट्टांचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं, कारण परत फिरणं एकट्या तुकोबांचं नव्हतं. पुण्यात अनगडशहा नावाच्या फकिराच्या विहिरीत त्यांनी आंघोळ केली, त्यानं शाप दिला आणि सर्वांगाचा दाह सुरू झाला, अशी कथा आहे. काही केल्या उतरेना. आळंदीला ज्ञानोबांपुढं जाऊन पडले, तिथं तुकोबांकडं जा असा दृष्टांत झाला. ज्याच्या वह्या आपण बुडवायला लावल्या, त्याच्याकडं कोणत्या तोंडानं जायचं? त्यांनी निरोप पाठवला, उलट तुकोबांकडून एक अभंग आला, आणि दाह शांत झाला. नंतर हा वेदशास्त्र जाणणारा ब्राह्मण देहूला येऊन कुणबी तुकोबांच्या टाळकऱ्यांत उभा राहिला. मागच्या ओळीत, ध्रुपद धरायला. तुकोबांची जी आरती घरोघर म्हटली जाते ती रामेश्वरभट्टांच्या नावावर आहे. म्हणताना रचणाऱ्याचं नाव फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही.

चाकणचे संताजी तेली जगनाडे, कडूसचे गंगाराम मवाळ अशी माणसं अभंग उतरवून घेत होती. त्यांच्यामुळं गाथा टिकली. लोहगाव, चाकण, आळंदी, पुणे या पट्ट्यात तुकोबांची कीर्तनं होत राहिली. वैजापूरकडच्या शिऊरच्या बहिणाबाईंनी देहूला येऊन ती स्वतः ऐकली आणि तिथल्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, असं वारकरी मानतात. वय बेचाळीसच्या घरात. जिजाई तेव्हा गरोदर होत्या. त्यांनाही संगं बोलावलं होतं, पण घरात म्हैस, पोरं, आणि पोटात जीव, म्हणून त्या थांबल्या, अशी कथा सांगतात. पुढं जन्मलेला मुलगा नारायण. त्याच नारायण महाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरीची वाट धरली. घरातली जुनी वारी अशी गावोगावच्या लोकांची झाली.

बीजेच्या दिवशी देहूच्या गोपाळपुऱ्यात नांदुरकीच्या झाडाखाली मंडळी सकाळपासून जमतात. दुपारी बाराच्या सुमाराला झाड हलतं असं म्हणतात, आणि त्या क्षणी सगळे हातातली फुलं आणि तुळस वर उधळतात. ज्यांना वेळ असेल त्यांनी तिथून नदीकडं जाताना विठोबाच्या देवळातही डोकावून यावं. आजचं देऊळ नंतरच्या काळात बांधलेलं आहे. जागा मात्र तीच, मोऱ्यांच्या घरची.